सरांचा थर

सर आणि ती, दोघांचा मिळून एक फोटो व्हायचा. सर आपल्या कॅमेऱ्यात रोल घालून छत्तीस फोटो काढायचे, रोल उलटा गुंडाळायचे आणि टोक बाहेर ठेवून तिला द्यायचे. ती तोच रोल आपल्या कॅमेऱ्यात घालून त्याच्यावरच पुन्हा छत्तीस काढायची. काय टिपलं ते एकमेकांना सांगायचं नाही, हा नियम. ती रोल धुवायची, तेव्हा सरांच्या जिन्यावर तिचं झाड उगवलेलं असायचं.

सर शाळेत चित्रकला शिकवायचे. ती त्यांचीच विद्यार्थिनी, आता दुकानांच्या पाट्या रंगवणारी. बावीस वर्षं हे चाललं होतं. प्रदर्शनं झाली, कौतुक झालं, पण लोकांचं वाक्य ठरलेलं. “सरांचा थर म्हणजे चित्राचा जीव!” ती मान डोलवायची.

यंदा तीन रोल धुतले, तर तिन्हींत तिला फक्त स्वतःचेच फोटो दिसले. दुसऱ्या रोलला कारण लक्षात आलं. सरांच्या जुन्या कॅमेऱ्यात डोळा लावायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. लेन्सवर झाकण राहिलं तरी डोळ्याला सगळं नीट दिसतं. विसरले असतील बिचारे, म्हणून ती गप्प बसली. पंचाहत्तरीच्या माणसाला तोंडावर काय सांगायचं?

नेमके त्यातलेच बारा फोटो गॅलरीच्या बाईंनी प्रदर्शनासाठी निवडले.

“किती एकरूप झालात हो दोघं!” बाई म्हणाल्या.

सरांनी एका फोटोतल्या ओल्या फरशीवर बोट ठेवलं. “ही चमक माझी. सकाळी सातचं ऊन.”

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. फरशी तिच्या घरामागची होती आणि ऊन दुपारचं.

बाहेर पडताना सर म्हणाले, “नावाची पाटी तूच रंगव. माझं नाव वर घाल हं, वयाचा मान म्हणून.”

सरांचा पुढचा रोल आला. तिने तो कॅमेऱ्यात घातलाच नाही, सरळ धुतला. छत्तीसच्या छत्तीस चौकटी काचेसारख्या कोऱ्या. फिल्म वाळल्यावर ती सरांच्या घरी गेली.

“हे काय?”

“तुमचा रोल. या वेळी मी काहीच काढलं नाही. सगळा तुमचाच.”

सरांनी फिल्म खिडकीसमोर धरली. “केमिकल मेलं असेल तुझं. बाटली उघडी टाकतेस.”

“कडेला बघा, सर.” फिल्मच्या कडेला कारखान्यातच आकडे छापलेले असतात. रोल नीट धुतला तरच ते दिसतात. एक ते छत्तीस, सगळे काळेभोर उमटले होते. “आकडे आले म्हणजे केमिकल जिवंत. तुम्हीच शिकवलंत.”

“अरेच्चा, झाकण राहिलं वाटतं,” एवढं जरी ते म्हणाले असते, तरी ती हसून घरी गेली असती.

सरांनी विचारलं, “बाईंना बोललीस?”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

“पहिल्यांदा चुकून झालं, खरंच. मग सगळेच वा वा करायला लागले. म्हटलं, चाललंय तर चालू दे. आणि तू का गप्प बसलीस गं?”

“तुमची लाज राखत होते.”

“मग राख की अजून थोडी. फोटो चांगले होते म्हणून तर माझं नाव खपलं.”

बावीस वर्षांत सरांनी तिच्या कामाला चांगलं म्हटलं, ते हे पहिल्यांदा.

तिने तिथूनच बाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडचं हसणं सरांनाही ऐकू आलं. “अहो, मग तर सोन्याहून पिवळं! कोरा थर द्यायचा, हे सरांनाच सुचू शकतं!”

“बघ,” सर म्हणाले.

“माझे बारा फोटो मी परत घेतेय,” तिने बाईंना सांगितलं आणि फोन ठेवला.

“वेडी आहेस. हातातली गॅलरी घालवलीस.”

“घालवली.” तिने कोरी फिल्म त्यांच्या टेबलावर ठेवली. “ही असू द्या. हिच्यावर तुमचं एकट्याचं नाव घाला.”

ती जिना उतरायला लागली, तशी मागून हाक आली. “अगं, पण पुढचा रोल कधी नेतेस?”

ती थांबली नाही.