पाहणाऱ्याची साक्ष

बोरू हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पंचवीस वर्षं कचेरीच्या पायऱ्यांवर बसून लोकांचे अर्ज खरडले, कानामागे सदा बोरू खोचलेला, म्हणून सगळा गाव त्याला बोरू म्हणायचा. रागावली की बायकोसुद्धा.

या बोरूला एकच ध्यास लागला होता. कोळीबाबांच्या तोंडची हकीकत लिहून ठेवायची. प्रभूबरोबर जे बारा जण हिंडले त्यांतले कोळीबाबा एक. बाकीचे प्रेषित कुठकुठल्या मुलखांत गेले, मारले गेले, मेले. उरले हे एकटे. रंगाऱ्याच्या घरी माडीवर राहायचे आणि आठवड्यातून एकदा खाली, रंगाच्या पिंपांमधल्या मोकळ्या जागेत मंडळी जमली की त्यांना सगळं सांगायचे. त्या जागेला कायम आंबलेल्या निळीचा वास यायचा, पण बाबा बोलायला लागले की नाकाला रुमाल लावायचं कुणाला सुचत नसे.

लिहिलेलं मात्र एक अक्षर नव्हतं. मंडळींचा पक्का समज होता की प्रभू लवकरच परत येणार आणि बाबा मरायच्या आत येणार. मग लिहायचं कशाला? बोरूनं दोन-तीनदा विषय काढला, तर रंगारी त्याच्यावर असा उखडला, जणू त्यानं म्हाताऱ्याच्या तिरडीचे बांबूच मोजायला घेतले होते. बोरूनं विषय सोडून दिला. भित्राच तो.

मग त्या थंडीत बाबा जिन्यावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. चार दिवसांनी रंगारी स्वतः कचेरीच्या पायऱ्यांशी आला आणि मान खाली घालून म्हणाला की ये बाबा, लिहून घे. बैल गेला नि झोपा केला, म्हणतात ते हेच.

बोरू रोज सकाळी कचेरी उघडायच्या आधी माडीवर जाऊ लागला. काजळी नि डिंक घोटून शाई करायची, मांडीवर गुंडाळी पसरायची आणि म्हातारा पुटपुटेल ते टिपायचं. तळं, होड्या, जाळी, बरे झालेले आजारी, सगळं सरसर उतरलं. पण शेवटच्या दिवसापाशी, प्रभूला क्रुसावर दिलं तिथपाशी, आले की बाबा भिंतीकडे तोंड करायचे. खरं तर हाच भाग ते खाली सर्वांत चांगला सांगत. ऐकून धट्टेकट्टे गडी रडायचे. आता मात्र शब्द फुटेना, आणि श्वास तर दिवसेंदिवस आखूड होत चाललेला. बोरू मनात दिवस मोजू लागला. तेवढा दिवस राहिला तर बाकीची गुंडाळी काय चाटायची?

शेवटी त्यानं बाबांना तो प्रश्न विचारला, जो तो पायऱ्यांवर येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा. त्याच्या धंद्याची रीतच ती. अर्जाच्या डोक्याशी साक्षीदार कोण ते लिहायचं, आणि खाली त्यानं काय पाहिलं ते.

"बाबा, डोळ्यांनी पाहिलंत की ऐकलंत?"

इतक्या वर्षांत हे त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. म्हाताऱ्याचे डोळे वाहायला लागले.

"ऐकलं," ते म्हणाले. "मी पळालो, पोरा. आम्ही सगळेच पळालो. मी एका माळ्यावर कडी लावून बसलो होतो. जे सांगत आलो ते तुझ्या आईनं सांगितलेलं."

बोरूनं लेखणी खाली ठेवली. त्याची आई. मंडळींसाठी रोज पहाटे भाकरी भाजणारी, दिव्यात तेल घालणारी, दाराजवळच्या कोपऱ्यात बसणारी. प्रभूला मारलं त्याच शहरातून ती आलेली, हे त्याला ठाऊक होतं. पण तिथून हजार माणसं आली होती.

तिनं सांगितलं नव्हतं असं नाही. पीठ मळता मळता ती सुरू करायची, "त्या दिवशी आम्ही बायका तिथं होतो..." आणि हा म्हणायचा, "आई, तू राहू दे. मी बाबांकडून नीट ऐकीन." कचेरीत बाईची साक्ष धरत नसत. विधवा रडत आली तरी बोरू आधी विचारायचा, पाहिलेला कुणी पुरुष आहे का? बाहेरची ती सवय घरातही शिरली. काखेत कळसा नि गावाला वळसा. आणि कळसा तर गेल्या वर्षी मातीत गेला.

त्यानं कसंबसं विचारलं, ती क्रुसापासून किती लांब उभी होती?

बाबांनी त्याचं मनगट धरलं. "एवढी जवळ. शिपायानं दोनदा ढकललं तिला, दोनदा ती परत आली. प्रभूचा शेवटचा श्वास ऐकू आला, म्हणायची."

आणखी काय म्हणायची? बाबांनी आठवून पाहिलं. इतक्यांदा सांगितलं, ते म्हणाले, की आता तिचं कुठलं आणि माझं कुठलं ते मलाच कळत नाही. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अरे, तिलाच बोलाव ना. खालीच असेल."

"बोलावतो," बोरू म्हणाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा गेले. प्रभू काही आला नव्हता. मंडळी पिंपांमध्ये हताश उभी होती, एकमेकांच्या तोंडाकडे बघत.

मातीहून परतल्यावर रंगाऱ्यानं बोरूला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, भ्यालेला होता. प्रेषित पळाले हे लिही, तो म्हणाला, बाबांनीच सांगितलंय. पण सगळी मदार एका भाकरीवालीवर आहे असं लिहिलंस तर बाहेरचे आपल्याला हसून बेजार करतील. बायका होत्या म्हण. लांब होत्या म्हण. जवळ म्हटलंस की लोक विचारणार, मग पुरुष कुठं होते?

बोरूनं वाद घातला नाही. कुठला अर्ज टिकतो आणि कुठला फेकला जातो, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? घरी येऊन त्यानं तो भाग पुरा केला. हात जराही कापला नाही, आणि त्याचीच त्याला शिसारी आली.

बायकोला वाचता येत नव्हतं. चुलीपासचं काम टाकून ती आली आणि म्हणाली, वाचा. त्यानं वाचलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली, मग म्हणाली, "सासूबाई कुठं आहेत यात?"

बोरूनं एका ओळीवर बोट ठेवलं. "काही बाया लांबून बघत होत्या."

"लांबून? त्या तर म्हणायच्या..." ती बोलता बोलता थांबली. सासूबाई काय म्हणायच्या ते तिनंही कधी धड ऐकलं नव्हतं. त्यांनी सुरुवात केली की हा खोकायचा, आणि ही भांडी वाजवायची.

"एवढंच?" तिनं विचारलं.

"एवढंच," बोरू म्हणाला. "बाकीचं विचारायचं राहून गेलं."