हिरव्या शिपायाची गुहा

“आत गेलात की बोलत राहायचं. बाहेरच्याला तुमचं काही दिसत नाही.”

आईचा हा आवाज मी आठ वर्षांची असताना ऐकला, अजून कानात आहे. टीव्हीसमोर आम्ही दोघं भावंडं, दोघांच्या हातात एकेक छोटा गेम, त्यांच्या वायरी टीव्हीखालच्या मोठ्या कन्सोलला जोडलेल्या. उघड्या रानात असेपर्यंत आमचे शिपाई टीव्हीवर दिसायचे. दादाचा हिरवा, माझा लाल. पण एखादा गुहेत शिरला की टीव्हीवरून मावळायचा आणि फक्त त्याच्या हातातल्या पडद्यावर उगवायचा. मग आत तो काय करतोय, देव जाणे. एकदा दादानं आतली किल्ली लपवली, मी रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा आईनं हा नियम घातला. शिवाय काम करता करता ती गुणगुणायची:

आत गेलं माझं लेकरू, भिंत मधी काळी
बोल बोल रे बाळा, शब्दाची दे टाळी

आता आई नाही. तिचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आम्ही दोघं चालवतो. नाजूक मनगटी घड्याळं दादाची, भिंतीवरची आणि गजराची माझी. ही वाटणीही आईचीच.

दोन महिन्यांपासून मात्र दादाचं काही खरं नव्हतं. दर मंगळवारी दुपारी “जरा जाऊन येतो” म्हणून निघायचा. कुठे, ते सांगायचा नाही. खणाला कुलूप लावू लागला होता. एकदा किल्ली विसरला, तेव्हा मी खण उघडला. आत नऊ घड्याळं, पोटं उघडी टाकलेली, एकालाही हात पुरा लागलेला नाही. गिऱ्हाइकांना मात्र रोज नवी थाप, “पार्ट यायचाय.” त्यात चौकातल्या नव्या घड्याळवाल्याशी त्याला कुजबुजताना मी दोनदा पाहिलं. मनात पाल चुकचुकली ती तिथेच. हा तिकडे चालला. लोक आमच्या पायऱ्या चढतात ते त्याच्या बोटांसाठी. तो गेला की दुकान मिटलं.

सरळ विचारलं असतं तर त्यानं हसण्यावारी नेलं असतं. म्हणून रविवारी दुपारी मी माळ्यावरून तो गेम काढला. गुहेत तरी त्याला बोलावं लागेल.

“हे काय नवीन खूळ?” दादा म्हणाला.

“जुनंच आहे. घाबरलास?”

“तुला? लाल शिपायाचा जन्म माझ्या पाठीमागे लपण्यात गेला.”

रानात तो झकास खेळला. आम्ही दोघांनी मिळून दगड ढकलला, नदी ओलांडली, मला घटकाभर सगळं विसरायला झालं. मग गुहेचा हिरवा दरवाजा आला. तो फक्त हिरव्या शिपायालाच उघडतो.

“आज राहू दे. चहा टाक ना,” तो म्हणाला.

“चहा पळून जात नाही. आत जा.”

हिरवा टीव्हीवरून दिसेनासा झाला. दादानं मान हातातल्या पडद्यावर वाकवली.

“बोल,” मी म्हटलं.

“डावीकडे दोन मशाली. पुढे लाकडी पूल. पुलाखाली पाणी.”

पाढे म्हणावेत तसं म्हणाला, अगदी लहानपणच्याच चालीवर. बघून बोलणारा माणूस कुठेतरी अडखळतो, अरेच्चा म्हणतो. हा अडखळत नव्हता. म्हणजे इथेही मला बनवतोय. जिथे आईचा नियम आहे तिथेसुद्धा.

इतक्यात हिरवा शिपाई टीव्हीवर उगवला. दारातून उलटा वळून बाहेर आला होता. माझ्या लालच्या शेजारी, झाडाला नाक लावून, जागच्या जागी पाय आपटत होता.

“वटवाघूळ आलं,” दादा मान खाली घालूनच म्हणाला. “मारलं. आता पुलावर आहे.”

खोटारडा, हा शब्द माझ्या ओठांवर आला. मी त्याच्या हाताकडे पाहिलं. छोटा पडदा पार काळा होता, शिपाई बाहेर असला की असतो तसा. तो त्या काळ्या पडद्याला एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलवत होता, कोंबडी दाणा बघते तशी मान तिरकी करून.

“किल्ली दिसली?” मी विचारलं. असं विचारायला नको होतं.

“दिसली की. चमकतेय.”

“दादा, तू बाहेर आहेस. केव्हाचा.”

त्यानं मान वर केली आणि टीव्हीकडे नाही, टीव्हीच्या जरा बाजूला पाहिलं. हातातला गेम मांडीवर ठेवला. बोटांनी वायर चाचपली, सरळ केली, पुन्हा गुंडाळली.

“मंगळवारी कुठे जातोस?”

तो वायरीचा वेढा पुन्हा सोडू लागला.

“चौकातल्याकडे काय काम होतं?”

“खणात नऊ घड्याळं पडलीत, ती गुपचूप दुरुस्त करून देतोस का म्हणून विचारत होतो. नाही म्हणाला.”

“माझ्यापासून गुपचूप?”

हिरवा अजून झाडाशी झुंजत होता. मी पुढे होऊन टीव्ही बंद केला आणि त्याच्यासमोर बसले.

“बोल,” मी हळूच म्हटलं. “मला बाहेरून काही दिसत नाही.”

“मधोमध काळं आहे,” दादा म्हणाला. “दोन्ही डोळ्यांत. मंगळवारी डोळ्यांच्या दवाखान्यात जातो. कडेकडेनं दिसतं. तू दिसतेस, पण तोंड नाही. काटा दिसत नाही, स्क्रू दिसत नाही. छोटं काहीच दिसत नाही गं मला.”