डाव्या हाताची गवाही

लढाई संपून वर्ष झालं होतं. सास्तूरच्या शिवलिंगप्पाचा डावा हात ब्रह्मदेशातून परत आला, तो नुसता खांद्याला लटकायला. गोळीनं खांद्यातली नस तोडली होती. कोपराखाली जाणीव नाही आणि बोटं मिटलेली. नांगराला दोन हात लागतात, म्हणून रान पडीक होतं. घर चालायचं ते जखमेच्या पेन्शनीवर. ती चालू राहायची तर लोहाऱ्याला जाऊन हैदराबादच्या डॉक्टरपुढं हात दाखवायचा आणि गावच्या एका भल्या माणसाची गवाही द्यायची, असा हुकूम आला.

भला माणूस म्हणून गुरुसिद्धप्पा स्वामींना गाडीत घेतलं. स्वामी गावचे जंगम, म्हणजे लिंगायतांचे गुरू. शिवलिंगप्पाच्या गळ्यात लिंग बांधलं ते त्यांनीच. बायको सिद्धम्मा मागं बसली. सदरा काढायला-घालायला कुणीतरी हवंच होतं.

आता लिंगायताची पूजा म्हणजे गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि उजव्या हातानं पुजायचं. रोज सकाळी दार लोटून सिद्धम्मा नवऱ्याची बोटं एकेक करून उघडायची आणि पूजा होईपर्यंत त्याच्या तळहाताखाली आपला तळहात धरून बसायची. हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं, स्वामींनाही नाही. ज्याची पूजा त्यानं करायची असते. आपला देव बायकोच्या हातावर तोललेला असतो, हे सांगायला शिवलिंगप्पाची जीभ रेटत नव्हती.

डॉक्टर वाईट नव्हता, पण दुधानं तोंड पोळलेला होता. आदल्याच आठवड्यात एका बहिऱ्यानं पाठीमागं रुपया पडताच मान वळवली होती, आणि दुसऱ्या एकानं आपल्याऐवजी लंगडा भाऊ पाठवला होता. म्हणून डॉक्टरनं शिवलिंगप्पाचे डोळे बांधले आणि गप्पा मारता मारता डाव्या तळहातात टाचणी खुपसली. शिवलिंगप्पा बोलतच राहिला. पण शिपाईगडी हूं की चूं न करता टाचणी सोसतात, असं डॉक्टर कारकुनाला म्हणाला, आणि मोर्चा स्वामींकडं वळवला. हा माणूस घरी या हातानं काही करतो का?

स्वामींना वाटलं, माणूस कसा आहे ते विचारतात. त्यांनी मन लावून सांगितलं, "साहेब, याच्याएवढा सच्चा माणूस आमच्या गावात न्हाय. लढाईवरनं आल्यापासनं एक दिस पूजा चुकली न्हाय. रोज डाव्या हातावर लिंग घेतो."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. हातावर घेतो म्हणजे कसं, असं डॉक्टरनं विचारलं. कारकुनानं आपला तळहात सपाट उघडून दाखवला. डॉक्टर त्या तळहाताकडं आणि मग शिवलिंगप्पाच्या मिटलेल्या बोटांकडं बघत राहिला. लिंग तू स्वतः धरतोस का, असं त्यानं सरळ विचारलं.

नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण स्वामी समोर उभे होते, कौतुकानं बघत.

"व्हय," शिवलिंगप्पा म्हणाला. "म्या एकटाच धरतो."

डॉक्टरनं सिद्धम्माकडं बघितलं आणि खरं का म्हणून विचारलं. एका शब्दानं चूल विझणार होती, आणि दुसऱ्यानं नवरा आपल्या गुरूपुढं खोटा पडणार होता. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. असं तोंड तिनं तो लढाईवर निघाला तेव्हाही बघितलं नव्हतं.

"व्हय," ती म्हणाली.

डॉक्टर रागावला नाही. हात सुधारतोय, आनंदाची गोष्ट आहे म्हणाला, आणि पेन्शन बंद केली. सरकारची एक फसवणूक टळली, असंच त्याला वाटलं असणार. खोटं दुखणं सांगणारे त्यानं खूप पकडले होते. खरं दुखणं लपवणारा पकडायची टाचणी त्याच्याजवळ नव्हती.

परतीच्या वाटेवर स्वामी खुशीत होते. देवानं हातात बळ दिलं म्हणाले, पेन्शनीचं काय एवढं! सिद्धम्माला त्यांचा राग यायला हवा होता, नवऱ्याचाही. पण आत काहीच हललं नाही. दोन्ही अंगांनी ज्वारी काढणीला आली होती. कुणाच्या रानात बाया लागतील, एवढं ती बघत होती.

स्वामी मठापाशी उतरले. गाडी पुढं निघाल्यावर शिवलिंगप्पा बैलांकडं बघत म्हणाला, "उद्यापासनं हात लावू नको. बोललो ते खरं करून दावतो."

"आन् लिंग पडलं मंजी?"

त्यानं बैलांना उगाच एक हाक दिली.

"दिसभर लोकाच्या रानात राबंन म्या," सिद्धम्मा म्हणाली. "त्याचं काय न्हाय. पण सकाळचा माझा हात काढू नगा. तुमचा देव हाय तसा माझाबी हाय."

शिवलिंगप्पानं कासरा उजव्या हातात घट्ट धरला आणि नुसती होकाराची मान हलवली.