थवीचा ख्वान

"मावशी, जाळी घेऊन कुठं निघालात? तळं तर कधीच आटलंय," विचियनच्या फाटकावरचा माणूस हसत म्हणाला.

लमदुआनने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एका हातात झिंगे धरायची गोल जाळी, दुसऱ्या हातात परडी. परडीत चिकट भाताचा मुटका, एक उकडलेलं अंडं आणि थवीचा निळा शर्ट. ती तडक अंगणात शिरली.

अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. लढाई पेटल्यावर इस्रायलहून परत आलेली गावातली पोरं त्यांवर मान खाली घालून बसली होती. त्यांत तिचा मुलगा थवीही होता. समोर विचियन माइक घेऊन उभा होता. तिकडच्या बागांना मजूर पुरवता पुरवता त्याचा बंगला उभा राहिला होता. पोरं तिकडे अडकली तेव्हा याचा फोन लागत नव्हता. आता मात्र आवाजात मध कालवलेला.

"लढाई आहे, मी नाही म्हणत नाही," तो सांगत होता. "पण ती तिकडं वर, सरहद्दीला. आपल्या बागा खाली, दक्षिणेला. मालक स्वतःहून बोलावतोय, पगार वाढवून देतोय. आणि सक्ती कुठाय? निर्णय ज्याचा त्याचा."

लमदुआनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याचा त्याचा! जिल्ह्याच्या कचेरीतला साहेब हेच म्हणाला होता, टीव्हीवरची बाईही हेच म्हणत होती. सगळ्यांनी हात झटकून घेतले की शवपेटी आल्यावर रडणंही ज्याचं त्याचं. शेजारच्या बुनलोमची पेटी आली, तेव्हा सगळ्यांत मोठा हार याच विचियनचा होता.

बुनलोम आणि थवी एकाच बागेत कामाला होते. हल्ला झाला तेव्हा बुनलोम झाडांच्या रांगेत सापडला, थवी खोक्यांच्या मागे पडून राहिला म्हणून वाचला. हातीपायी धड परत आला खरा, पण कुणाचं दार आपटलं की खांबांवरच्या घराखाली भाताच्या पोत्यांमागे जाऊन बसायचा. पिकुल, त्याची बायको, ताट घेऊन तिथंच जायची.

हा आजार लमदुआनच्या ओळखीचा होता. माणूस घाबरला की त्याचा ख्वान, अंगातल्या जिवाचा एक वाटा, त्या जागीच राहतो. मग जाणत्या बाईने त्या जागेवर जायचं, हाका मारून तो जाळीत घ्यायचा आणि घरी आणायचा. झाडावरून पडलेली, मोटरसायकलवरून घसरलेली कितीतरी माणसं तिने अशी बरी केली होती. पण थवीचा ख्वान लढाईतल्या बागेत. तिथं ही म्हातारी जाळी घेऊन कशी पोचणार? जाऊ दे त्याला, तिथं त्याचा त्याला सापडेल तरी, असंही तिच्या मनात येऊन गेलं होतं. पिकुल तर म्हणतच होती, "जाऊन येऊ देत, आई. घर अर्धं उभं आहे. पावसात कुठं राहायचं?"

निघणाऱ्याच्या मनगटाला बांधायचा पांढरा धागा आज सकाळी लमदुआन वळायला बसली, आणि वळता वळता तिला एक आठवलं. थवी पहिल्यांदा घाबरला तो तिकडे नव्हेच. तो घाबरला विचियनच्या या ओट्यावर. विचियनने त्याला पोतं उचलायला लावलं होतं, बाजारात रेडा बघावा तसे तळवे उलटसुलट करून बघितले होते, आणि "जाणार का?" म्हणून विचारलं होतं. पोराच्या तोंडून आवाज फुटला नव्हता. नुसती मान हलली होती.

आता ती त्याच ओट्यापाशी गुडघे टेकून बसली. भात आणि अंडं फरशीवर ठेवलं आणि हवेतून जाळी फिरवू लागली.

"ये रे थवीच्या ख्वाना, ये. परक्याच्या दारात बसू नकोस. घरी चल, भात वाफाळतोय."

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"मावशी, उन्हात कशाला बसता? या, गार पाणी घ्या," विचियन म्हणाला.

"तुझं पाणी नको मला. इथं हरवलंय, इथंच शोधतेय. तू बोल तुझं. बागा खाली आहेत म्हणून सांग. बुनलोमची बागही खालीच होती, तेही सांग पोरांना."

विचियनने माइक खाली केला.

थवी उठून तिच्यापाशी आला. "आई, लोक बघतायत."

"बघू देत. पोरं पाठवताना बघत होते, आता आणताना बघू देत."

"मी हो म्हणून बसलोय गं." तो हळूच म्हणाला. "संध्याकाळी धागा बांधशील ना?"

तिच्या हातचा धागा बांधल्याशिवाय गावातून कुणी परदेशी निघत नसे. बुनलोमलाही तिनेच बांधला होता.

"येणाऱ्याला बांधीन. निघणाऱ्याला बांधायचं आजपासून सोडलं." तिने शर्ट जाळीत ठेवला आणि जाळी तान्ह्या पोरासारखी छातीशी धरली. "जाळी घेऊन निघालं की मागं वळायचं नसतं, तुला ठाऊक आहे. तेव्हा मी वळणार नाही. यायचं तर मागनं ये."

ती निघाली. फाटकावरच्या माणसाने बाजूला होऊन वाट दिली. रस्ताभर ती कान मागे लावून चालली. आपल्याच चपलांचा आवाज नीट ऐकू येईना, एवढा राग अंगात होता. हातातला शर्ट वजनाला काहीच नव्हता.

अर्ध्या घराच्या जिन्यावर पिकुल उभी होती. ख्वान घेऊन आलेल्या बाईला घरातल्या माणसाने "आला का?" म्हणून विचारायचं असतं, आणि बाईने उत्तर दिल्याशिवाय पायरी चढायची नसते. पिकुलने विचारलं नाही. ती सासूच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत राहिली, विचियनच्या फाटकापर्यंत, आणि मग तिचे डोळे भरून आले.

"विचार की गं," लमदुआन म्हणाली.

"आला का?"

सुनेच्या डोळ्यांत सगळा रस्ता दिसत होता, रिकामा.

"आला," लमदुआन म्हणाली, आणि जाळी सांभाळत पायरी चढली.