नदीकाठचा तंबू

वडिलांना, शैलेंद्रला, जाऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हा नीनाने आईला आफ्रिकेला न्यायचं ठरवलं. नीना अमेरिकेच्या पश्चिम टोकाला, बेलव्ह्यूला वकिली करायची आणि एकटीच राहायची. आई पद्मिनी लहान मुलांची डॉक्टर, आता रिटायर झालेली, पूर्वेकडच्या कॅरी गावातल्या जुन्या घरात एकटीच. फोनवर नीना म्हणाली, "आई, यू नेव्हर पिक्ड अ सिंगल व्हेकेशन. धिस वन यू पिक."

ते खरं होतं. चाळीसेक वर्षांच्या संसारात कुठे जायचं ते दोघं मिळून ठरवायचे, पण राहायचं कुठे ते शैलेंद्र ठरवायचा. लिफ्ट असलेलं, मोठ्या रस्त्यावरचं, पार्किंगमधून थेट आत शिरता येईल असं हॉटेल. यलोस्टोनला तळ्याकाठी लाकडी केबिन मिळत होती, तरी तो पद्मिनीला घेऊन तासभर लांबच्या गावातल्या मोटेलमध्ये गेला. "तुझ्या पाठीला आराम हवा," तो म्हणायचा. पद्मिनीची पाठ कधीच दुखत नव्हती. पहिली काही वर्षं तिने तसं सांगून बघितलं, मग सोडून दिलं.

नीनाच्या एका मैत्रिणीने निधीचं नाव सुचवलं. निधी मूळची पुण्याची. नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं नैरोबीत राहिली होती, आता अमेरिकेतच, हर्नडनला घरूनच लोकांच्या सफारी ठरवून द्यायची. पहिला कॉल झाला त्या दुपारी पद्मिनी डायनिंग टेबलाशी बसली होती. फोन स्पीकरवर होता आणि नीना तिकडून जोडलेली होती.

"काकू, दोन प्रकार असतात," निधी म्हणाली. "एक म्हणजे पक्क्या बांधकामाचे लॉज. कुंपण, एसी, जेवायला बुफे. दुसरे कॅम्प. तंबूच, पण आत चांगला पलंग, गरम पाणी, सगळं असतं. कॅनव्हासमधून बाहेरचे आवाज मात्र येतात. झांबियात लुआंग्वा नदीवर असा एक आहे. अंधार पडला की पाणघोडे वर चरायला येतात, अगदी तंबूच्या बाजूने."

"मला तो नदीकाठचा..." पद्मिनी म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, "पाठव. बघते."

निधीने फोटो पाठवले. खाली तपकिरी नदी, काठावर एक मोठं झाड, त्याखाली पुढून उघडा तंबू आणि आत पांढऱ्या मच्छरदाणीतला पलंग. पद्मिनीने तो फोटो कितीतरी वेळा उघडून बघितला. तिला तिथेच जायचं होतं.

पुढच्या आठवड्यात निधीने आराखडा पाठवला, तर त्यात नदी नव्हती. टेकडीवरचं मोठं लॉज होतं, कुंपणाचं, तळमजल्याच्या खोलीचं. पद्मिनीने फोन केला.

"निधी, मी नदीकाठचा म्हणाले होते ना?"

"हो काकू, पण काकांना तो नको होता ना? त्यांना कडक गादी हवी होती, पायऱ्या नकोत, म्हणून मी बदललं."

"कुठले काका?"

"आपले काका. तुमच्या मागून बोलत होते ते."

पद्मिनीला वाटलं, निधीचा दुसऱ्या कुणाशी घोळ झालाय. "अगं, माझे मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले," ती म्हणाली.

निधी हळू म्हणाली, "सॉरी काकू. पण मी खोटं बोलत नाहीये. तुम्ही बोलता बोलता थांबायचात, तेव्हा ते बोलायचे. आवाज लांबून येत होता, टीव्ही लागला असावा तसा. त्यांचं संपलं की तुम्ही पुढे बोलायचात. मला वाटलं, तुम्ही त्यांना बोलू देताय."

"काय बोलत होते?"

"गादीचं विचारलं. कुंपणाचं. आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होते, की जवळचं हॉस्पिटल किती लांब आहे."

पद्मिनीने फोन ठेवला. गादी, कुंपण कुणीही विचारेल. पण हॉस्पिटलचं शैलेंद्र प्रत्येक हॉटेलात विचारायचा. किल्ली हातात घ्यायच्या आधी, काउंटरवर दोन्ही हात टेकून, हलक्या आवाजात, पद्मिनीला ऐकू जाऊ नये असं. तिला ते दर वेळी ऐकू यायचं.

त्याचं कारण तिला माहीत होतं. ती हॉस्पिटलात डॉक्टरकीची रेसिडेन्सी करत होती तेव्हा, नीनाच्या आधी, तिला सहावा महिना होता. शैलेंद्रने हौसेने ब्लू रिज डोंगरातली एक केबिन निवडली होती. समोर दरी, मागे ओढा. हिमवादळात रस्ता बंद झाला, हीटर बंद पडला आणि पहाटे पद्मिनीच्या पोटात कळा सुरू झाल्या. हॉस्पिटलला पोचायला निम्मा दिवस गेला. बाळ हाती लागलं नाही. घरी परतल्यावर शैलेंद्रने पाळण्याचं खोकं न उघडता दुकानात परत नेऊन दिलं, आणि त्यानंतर त्या दोघांत त्या विषयावर एक शब्दही झाला नाही. तेव्हापासून तो आरामाच्या जागा शोधू लागला.

त्या दिवशी पद्मिनी घरभर हिंडली. सगळे दिवे लावले, रेडिओ लावला, बंद केला. कुठे काही नव्हतं. पण टेबलाशी बसून ती स्वतःशीच मोठ्याने म्हणाली, "संध्याकाळी मी..." आणि तिच्या लक्षात आलं, की आपण थांबलो आहोत. वाक्य अर्धं टाकून, मान किंचित डावीकडे वळवून, कुणाचं तरी संपायची वाट बघत. तिच्या डाव्या खांद्यामागे घसा खाकरल्यासारखं झालं. अगदी हळू. ती खुर्चीतून उठली नाही. मागे वळूनही बघितलं नाही.

तिने नीनाला फोन लावून सगळं सांगितलं. नीना हसेल किंवा काळजी करेल, अशी तिची अपेक्षा होती.

"नीना?"

"आय नो," नीना म्हणाली.

"काय नो?"

"मला ऐकू येतात बाबा. आपण फोनवर बोलत असलो की. गेल्या वर्षापासून. मी नाही सांगितलं. मला वाटलं, सांगितलं तर यू विल मेक इट स्टॉप."

आपली मुलगी रोज फोन का करायची, ते तिला आत्ता कळलं. फोन करून हवापाण्यावर बोलत राहायची, आणि पद्मिनी थांबली की तीही थांबायची.

"लेट्स जस्ट टेक द लॉज, आई," नीना म्हणाली. "काय फरक पडतो? त्यांना तेच हवंय."

"आणि मला?"

नीनाने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पद्मिनीने अंघोळ केली, इस्त्रीची साडी नेसली आणि फॅमिली रूममध्ये शैलेंद्रच्या खुर्चीसमोर येऊन बसली. बाहेर शेजाऱ्यांचं गवत कापायचं मशीन चालू होतं. भीती वाटत होती, पण भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती. या माणसाशी इतकं सरळ बोलायची तिला सवय नव्हती.

"अहो," ती म्हणाली, "मी नदीकाठी राहणार आहे."

ती थांबली. खोलीत काही हललं नाही, पण हवा जड झाली. वादळाआधी कान दडपतात तसे तिचे कान दडपले. आणि मग आवाज आला, इतका ओळखीचा की तिचे डोळे भरले.

"हॉस्पिटल किती लांब आहे?"

"लांब आहे. विमानाने न्यावं लागतं."

"मग नको."

"त्या केबिनमुळे झालं नाही ते," पद्मिनी म्हणाली. आता ती थांबत नव्हती. "आपण घरून निघालो त्याच्या आधीच बाळाचे ठोके बंद पडले होते. नंतर हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी दोघांनाही सांगितलं होतं. तुम्ही माझा हात धरून उभे होतात. मी ऐकलं, तुम्ही ऐकलंच नाहीत. थंडीने नाही झालं. रस्त्याने नाही झालं. ती जागा सुंदर होती. त्याच्या आदल्या संध्याकाळी आपण ओढ्यावर गेलो होतो, तुम्ही तुमचा कोट मला घातला होता. मला ते आठवायचंय. तुम्ही आठवू देत नाही."

गवताचं मशीन बंद झालं. घर एकदम शांत झालं.

"मला आराम नकोय," ती म्हणाली. "तुम्ही या वेळी येऊ नका."

ती कितीतरी वेळ बसून राहिली. कुणी काही बोललं नाही. कान मोकळे झाले तेव्हा तिला हुंदका आला आणि ती खूप रडली, तो गेला तेव्हाही रडली नव्हती इतकी.

नदीकाठचा कॅम्प बुक झाला. कॉल संपताना निधी जरा चाचरत म्हणाली, "काकू, आज लाइन एकदम क्लिअर होती." पद्मिनी म्हणाली, "हो. मलाही जाणवलं."

नीनाने मात्र आठवडाभर फोन केला नाही. मग एका शनिवारी न सांगता विमानाने आली. बॅग दारातच ठेवून घरभर फिरली, बाबांच्या खुर्चीपाशी उभी राहिली, वरच्या मजल्यावर जाऊन आली. पद्मिनी किचनमध्ये थालीपीठ थापत होती.

"ही इज गॉन," नीना म्हणाली. "तू पाठवलंस."

"हो."

"मला विचारलं पण नाहीस."

"नाही विचारलं," पद्मिनी म्हणाली. "विचारलं असतं, तर पुन्हा तुझ्यासाठी थांबले असते."

नीना स्टुलावर बसली. रडत होती, पण आईने पुढे सारलेली प्लेट तिने जवळ ओढली. दही घेतलं. निम्मं थालीपीठ खाऊन झाल्यावर तिने विचारलं, "व्हाय द हॉस्पिटल? नेहमी का विचारायचे ते?"

घरात हे कधीच कुणी बोललं नव्हतं. पद्मिनीने गॅस बारीक केला, हात पुसले आणि तिच्या समोर बसून सगळं सांगितलं. बर्फ, ओढा, कोट, हॉस्पिटलमधली पांढरी चादर. मध्ये कुठेही थांबली नाही.

नीनाचा घास हातातच राहिला होता. "मुलगी होती?"

"मुलगी."

"नाव ठेवलं होतं?"

"ठरवलं नव्हतं. पण गाडीत, डोंगर चढताना, बाबा माझ्या पोटाकडे बघून 'अंतरा' म्हणाले. एकदाच म्हणाले. नंतर कधी नाही."

"अंतरा," नीना म्हणाली. तिने ते पुन्हा एकदा, जरा वेगळ्या सुरात म्हणून बघितलं. मग उठली, दुसरं थालीपीठ आईच्या प्लेटमध्ये वाढलं आणि विचारलं, "त्या तंबूत भीती नाही वाटणार तुला?"

"वाटेल," पद्मिनी म्हणाली. "बस ना. गार होतंय."