ओठांतले तीन स्क्रू

अठ्ठावन्नाव्या वर्षी घड्याळजीला चुंबनाचा आजार जडला, ही बातमी गल्लीत त्याच्या तापापेक्षाही भराभर चढली.

तीन आठवडे ताप, हात उचलायचा म्हटलं तरी जिवावर यायचं, आणि रक्तात भलत्याच आकाराच्या पांढऱ्या पेशी. तरुण डॉक्टर म्हणाला, मोनो दिसतोय. लाळेतून पसरतो, कॉलेजातली पोरं त्याला चुंबनाचा आजार म्हणतात. बायको शेजारीच बसली होती.

दुकानात येऊन तिने एवढंच विचारलं, "कोण ती?"

घड्याळजीला काम करताना बारीक स्क्रू ओठांत धरायची सवय. तिन्ही स्क्रू काढून "कुणी नाही" म्हणेपर्यंत इतका वेळ गेला, की बायकोला हवं ते उत्तर मिळालं. त्या दिवसापासून अबोला. ताट समोर आदळायचं, त्यालाच बोलणं समजायचं.

मोनोची तपासणी झाली. नाही निघाला. घड्याळजी कागद नाचवत घरी आला. बायकोने तळाशी बोट ठेवलं: सुरुवातीला चाचणी चुकू शकते, असं छापलं होतं. आठवड्याने पुन्हा केली. पुन्हा नाही. तो कागद तिने डुगडुगणाऱ्या टेबलाखाली सारला. गिऱ्हाइकं मात्र धडधाकट घड्याळं घेऊन यायची, नुसतं त्याचं तोंड बघायला.

शेवटी तो बायकोला घेऊन दवाखान्यात गेला. "मोनो नाही, तर मग काय ते नाव सांगा. मला संसार करायचाय."

डॉक्टर ओशाळला. घसा बरा, मानेला गाठी नाहीत, आणि हे वय. आपण आधीच दुसरीकडे बघायला हवं होतं, म्हणाला. मग एकेक विचारत गेला. नवी गोळी सुरू केली? नाही. मांजर? नाही. लहान मूल?

दीड वर्षाची नात होती. पण मी तिचा पापासुद्धा घेत नाही, दाढी टोचते, असं घड्याळजी सांगत होता.

"चोखणी," बायको म्हणाली. एकोणीस दिवसांतला पहिला शब्द. "खाली पडली की हे स्वतः चोखून साफ करतात आणि तिच्या तोंडात देतात."

तिसऱ्या तपासणीत सायटोमेगॅलो नावाचा विषाणू सापडला. मुलं तो हसतखेळत महिनोन्‌महिने लाळेतून वाटत फिरतात, आजोबा आडवे होतात. आपोआप जाईल, डॉक्टर म्हणाला.

बायको वाटभर हसली. "तरी म्हटलं, अहो, तुम्हाला कोण विचारतंय!"

तीन आठवडे घड्याळजी हेच सिद्ध करायला झटत होता. सिद्ध झालं, तर ते त्याला जिव्हारी लागलं. दुकानात बसल्यावर त्याने सणसणीत उत्तर जुळवलं, पण ओठांत तीन स्क्रू होते. बाजूला उभ्या बायकोने स्क्रूच्या डबीचं झाकण त्याच्या तोंडासमोर धरलं.

"आधी ते काढा," ती म्हणाली.