व्याह्यांच्या गाडीचं उजवं चाक

"विहीणबाई, मागच्या वेळी तुम्ही एकच चाक मनापासून धुतलंत," व्याही म्हणाले. "पुढची दोन बघा. उजव्यात तोंड बघून भांग पाडावा. आणि डावं? पंधरा दिवसांत तव्याचं बूड!"

विहीणबाई म्हणजे वॉशिंग सेंटरमधल्या चाकवाल्या मावशी. बाकीची माणसं गाडीचं अंग धुवायची, मावशींकडे फक्त चाकं. नऊ वर्षं चाकांपाशी बसून त्या शितावरून भाताची परीक्षा करावी तशी चाकावरून माणसाची करायला शिकल्या होत्या. ज्याचं चाक फार काळं, तो सिग्नलपर्यंत सुसाट जाऊन मग ब्रेकवर उभा राहणारा. असला माणूस घरीही आधी ओरडतो आणि मग विचार करतो, असं त्यांचं पक्कं मत होतं.

व्याह्यांसमोर मात्र मतं मांडायची सोय नव्हती. त्यांना नाकावर माशी बसलेली खपत नसे. एकदा मावशींच्या घरी त्यांच्या चहात साखर कमी पडली, तर चार महिने ते फिरकले नाहीत, आणि त्या चार महिन्यांचे टोमणे मावशींच्या लेकीने सासरी ऐकले. तीच लेक उद्या सकाळी दहाला चार दिवसांच्या मुलीला घेऊन टेकडीवरच्या हॉस्पिटलातून घरी यायची होती. याच गाडीतून. म्हणून तर आज गाडी चकचकीत हवी होती.

मावशी उकिडव्या बसल्या आणि दोन्ही चाकांकडे आळीपाळीने बघू लागल्या. एकच ब्रश, डाग काढायचं एकच औषध, एकच हात. मग असं कसं?

"गाडी लावता कुठे?"

"घराच्या भिंतीला लागून."

"उजवं चाक कुणी पुसतं का मागाहून?"

"माझ्या गाडीला मी कुणाला बोट लावू देत नाही."

"एखादं कुत्रं वगैरे?"

"कुत्रं काय चाक चाटून पुसतं, विहीणबाई? चूक झाली म्हणा आणि धुवा!"

मावशींनी डाव्या चाकावर औषध मारलं. सडक्या अंड्यांचा वास सुटला आणि बघता बघता काळ्या डागांतून वांग्याच्या रंगाचे ओघळ निघाले. मग उजव्यावर मारलं. ओघळ आले, पण पाण्यासारखे. पुन्हा मारलं. रंग नाहीच.

आता त्यांना चैन पडेना. औषध जांभळं होतं ते लोखंडाच्या भुकटीने. भुकटी येते ब्रेकमधून. ब्रेक दाबला की चाकामागच्या लोखंडी थाळीला पॅड घासतं, दोन्ही झिजतात, आणि ती भुकटी तापलेल्या चाकावर जाऊन अशी चिकटते की साबणाला दाद देत नाही. डाग का पडतो, याचा विचार मावशींनी नऊ वर्षं केला होता. का पडत नाही, याचा कधीच केला नव्हता. घासलंच नाही, तर भुकटी येणार कुठून?

टेकडीचा उतार त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. पण चौतीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला चाकं धुणाऱ्या बाईने सांगायचं, तुमचा ब्रेक लागत नाही? सांगितलं तर लेकीचे हाल, न सांगितलं तर लेकीचा जीव.

"व्याहीबुवा, मला एक फेरी मारून आणा."

"तुम्हाला? आता?"

"ओली बाळंतीण बसणार उद्या. गचके किती बसतात, बघू दे."

व्याह्यांनी दार उघडून दिलं. गाडी मोकळ्या रस्त्याला लागली, तशा मावशी म्हणाल्या, "जरा जोरात ब्रेक मारा. आणखी एकदा. आता पुन्हा." प्रत्येक वेळी व्याह्यांचे हात स्टिअरिंगवर किंचित उजवीकडे वळत होते.

"हात का वळवता?"

"ब्रेक मारला की ही डावीकडे ओढते. मी घेतो सांभाळून." व्याह्यांची मान ताठ झाली. "दुसरा कुणी असता तर गटारात गेला असता."

सेंटरवर परत आल्यावर मावशी म्हणाल्या, "डाव्या चाकाजवळ हात न्या. टेकवू नका."

व्याह्यांनी हात नेला आणि झटकन मागे घेतला.

"आता उजव्याजवळ."

त्यांनी बोट टेकवलं. मग सगळा तळवा टेकवला, आणि तो तसाच ठेवला.

"हे गार कसं?" आज पहिल्यांदाच त्यांनी खरोखर विचारलं.

"कारण हे काही कामच करत नाही. पुढचा सगळा भार डावं एकटं घेतंय, आणि गाडी सरळ ठेवताय तुम्ही. म्हणून डावं काळं, उजवं गोरं."

शेजारच्या गल्लीतला मेकॅनिक आला. त्याने चाक उतरवलं आणि गंजून जाम झालेला ब्रेक दाखवला. "महिना तरी झाला असेल," तो म्हणाला. "मोठ्या उतारावर नेली नाहीत ना?"

व्याही पायरीवर बसले. "त्या दिवशी सूनबाईंना कळा सुरू झाल्या, तेव्हा मी याच गाडीतून... आणि रोज त्यांना भेटून त्याच उतारावरून..."

मावशी गप्प राहिल्या असत्या तर सगळा दोष व्याह्यांच्या माथी गेला असता. मोह होण्यासारखीच गोष्ट होती, आणि मावशींना तो झालाही. पण महिना म्हटल्यावर त्यांना पंधरा दिवसांपूर्वीची दुपार आठवली. त्या दिवशी डावं चाक घासून घासून मनगट भरून आलं होतं, आणि उजवं एका हातात निघालं होतं.

"मागच्या वेळीही हे चाक स्वच्छच होतं," त्या म्हणाल्या. त्यांना शरमेने वर बघवेना. "काम वाचलं म्हणून मला बरं वाटलं. विचारायला हवं होतं, मी चहा प्यायला गेले."

चार महिन्यांचा रुसवा आता आलाच, असं समजून त्या उभ्या राहिल्या. व्याह्यांनी उतरवलेल्या चाकावरून बोट फिरवून पाहिलं.

"विचारलं असतंत, तरी मी ऐकलं नसतं," ते म्हणाले. "उद्या टॅक्सीने आणू त्यांना. आणि यापुढे काही दिसलं की विचारत जा."

"तुम्ही ओरडाल."

"ओरडेन," व्याही म्हणाले. "तरी विचारा."